विहिरीवर हापसा बसवताना : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या खेपेला आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयावर आहेत. वीज नसताना किंवा मोटर जळालेली असताना विहिरीचे पाणी हाताने काढता यावे, यासाठी हातपंप कसा आखावा आणि कुठे चुकते, हे वाचकांना हवे आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : परसातल्या विहिरीच्या कठड्यावर ओतीव लोखंडाचा हापसा बसवला आहे. पाइप खाली पाण्यात सोडला आहे. पावसाळ्यापासून जानेवारीपर्यंत पाणी छान येते. मार्च उजाडला की दांडा दाबताना जड लागतो, सोडला की आपोआप वर ओढला जातो आणि पाणी येत नाही. वॉशर दोनदा बदलले. पंप खराब आहे का?
— एक वाचक, ता. संगमेश्वर

उत्तर : पंप चांगला आहे आणि वॉशरही चांगले आहेत. सोडलेला दांडा वर ओढला जातो याचा अर्थ दट्ट्याखाली (सिलिंडरमध्ये वरखाली होणाऱ्या पिस्टनखाली) पोकळी धरली जाते आहे. वॉशर गळके असते तर दांडा हलका, पोकळ लागला असता. एकदा खात्रीसाठी पाइपाच्या तोंडची जाळी शेवाळाने किंवा गाळाने बुजलेली नाही ना, ते पाहा. ती मोकळी असेल तर दोष पंपाच्या जागेत आहे.

वर बसवलेला हापसा पाणी ओढत नाही. तो पाइपातली हवा काढतो आणि विहिरीतल्या पाण्यावरचा हवेचा दाब पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब १०.३ मीटर उंचीच्या पाण्याइतका असतो, पुण्याच्या उंचीवर साधारण ९.६५ मीटर. यातून झडपांचा अडथळा, पाइपातले घर्षण, पाण्याची वाफ आणि सांध्यांतून शिरणारी थोडी हवा वजा केली की हाताशी उरतात कोकणात ७ मीटर आणि देशावर साडेसहा. नवा पंप, नवे सांधे असताना एखादा पंप आठ मीटरवरूनही पाणी देतो, पण त्या भरवशावर काही आखू नये.

हे ७ मीटर कुठून कुठवर मोजायचे, इथे बहुतेकांची चूक होते. मोजमाप जमिनीपासून नव्हे, पाण्यापासून दट्ट्याच्या सर्वांत वरच्या जागेपर्यंत करायचे. तुमचा कठडा तीन फूट आणि त्यावर सिलिंडर दीड फूट, म्हणजे जमिनीच्या वरच सव्वा-दीड मीटर खर्ची पडले. जमिनीपासून पाणी साडेपाच मीटरच्या खाली गेले की हापसा थांबणारच. यावर उपाय एकच : सिलिंडर खाली पाण्यात न्यायचा. दट्ट्या पाण्यात असला की तो पाणी उचलतो, हवेच्या दाबाचा प्रश्नच उरत नाही.

म्हणून कुठलाही हापसा घेण्याआधी मे महिन्यातली पातळी मोजा. सुतळीला दगड बांधून सोडा आणि सुतळी जिथवर ओली होते तिथून माप घ्या. एकदा पहाटे, पाणी काढण्याआधी, आणि एकदा संध्याकाळी सगळ्यांचे पाणी भरून झाल्यावर. संध्याकाळचा आकडा खरा धरायचा.

प्रश्न : पाच घरांच्या वाडीसाठी विहिरीवर हापसा बसवायचा आहे. विहीर साडेतेरा मीटर खोल, तीन मीटर व्यासाची. मे महिन्यात सकाळी पाणी साडेदहा मीटरवर, संध्याकाळी अकरावर. पाणी भरायला बायका आणि शाळकरी मुलेच जास्त असतात. सिलिंडर, पाइप, दांडा यांची मापे कशी ठरवायची?
— एक वाचक, ता. भोर

उत्तर : तुम्ही दोन्ही वेळची पातळी आणि पाणी कोण भरते हे दोन्ही लिहिलेत, त्यामुळे मापे नेमकी काढता येतात.

आधी उचल धरा. पाणी ११ मीटरवर, तोटी जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर (हंडा खाली बसला पाहिजे), थोडी सूट धरून एकूण १२ मीटर.

दट्ट्यावरचे वजन म्हणजे सिलिंडरच्या तोंडाचे क्षेत्रफळ गुणिले ही उंची. पाइप बारीक घेतला म्हणजे ओढ हलकी होईल, असा समज सगळीकडे आहे आणि तो चुकीचा आहे. पाइप कितीही बारीक असो, दट्ट्यावर १२ मीटर पाण्याचा दाब, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १.२ किलो, बसतोच. बाजारात सहज मिळणारा सिलिंडर ६३.५ मिलिमीटरचा असतो. त्याचे क्षेत्रफळ ३१.७ चौ. सेंमी, म्हणजे वजन ३८ किलो. ५० मिलिमीटरचा घेतला तर १९.६ चौ. सेंमी आणि साडेतेवीस किलो. त्यात दट्ट्या आणि दांडा जोडणाऱ्या १० मिलिमीटर रॉडचे वजन घाला : मीटरला ६१७ ग्रॅम, बारा मीटरचे ७.४ किलो, पाण्यात बुडाल्यावर साडेसहा धरा. वॉशरच्या घर्षणाचे चार-पाच किलो. एकूण ओढ मोठ्या सिलिंडरला ५० किलोच्या आसपास, लहान सिलिंडरला ३५.

दांड्याचे प्रमाण १ ला ४ ठेवा. खुंटीपासून (दांडा जिच्यावर फिरतो तिथून) रॉडपर्यंत २५ सेंमी, खुंटीपासून मुठीपर्यंत १ मीटर. मग हाताला मोठ्या सिलिंडरला साडेबारा किलो लागतात आणि लहानाला नऊ. बारा वर्षांच्या मुलीला नऊ किलोने हंडा भरता येतो, साडेबाराने ती अर्ध्यात थांबते. आमचा कौल ५० मिलिमीटरला.

पाणी कमी मिळू नये म्हणून स्ट्रोक, म्हणजे दट्ट्याची वरखाली होण्याची लांबी, वाढवायचा : २०० मिलिमीटर. एका हापशाला ३९३ घन सेंमी, मिनिटाला ४० हापसे म्हणजे पावणेसोळा लिटर. झडपा बंद होताना दर वेळी थोडे पाणी मागे निसटते, म्हणून प्रत्यक्षात १३ लिटर धरा. पंधरा लिटरचा हंडा सव्वा मिनिटात भरतो. स्ट्रोक लांब ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. निसटणारे पाणी दर हापशाला ठरलेलेच असते, त्यामुळे लांब स्ट्रोकमध्ये त्याचा हिस्सा कमी होतो. तोकडे, भरभर हापसे मारणारा माणूस दमतो जास्त आणि पाणी कमी काढतो.

सिलिंडर घरी घडवू नका. पाइपाचा तुकडा कापून सिलिंडर करणाऱ्यांची पत्रे नेहमी येतात आणि तक्रारही एकच असते : चार महिन्यांत पाणी कमी झाले. पाइप डोळ्याला गोल दिसला तरी आतून अंडाकृती असतो. व्हर्नियरने दोन दिशांना मोजा, अर्धा मिलिमीटर फरक सहज निघतो. तेवढी फट वॉशर काही दिवस भरून काढतो आणि मग एका बाजूने झिजतो. पितळेचे घोटीव अस्तर असलेला तयार सिलिंडर घ्या. बाकी सगळे गावच्या वेल्डरकडे होते.

सिलिंडरच्या वरचा पाइप सिलिंडरपेक्षा आतून मोठा ठेवा. या उत्तरातली सर्वांत महत्त्वाची सूचना हीच. रूढ इंडिया मार्क दोन पंपात (साखळीच्या सरकारी हापशात) सिलिंडर साडेत्रेसष्ट मिलिमीटरचा आणि वरचा पाइप ३२ मिलिमीटरचा असतो. वॉशर बदलायचा तर अख्खा पाइप वर काढावा लागतो, त्याला चार माणसे आणि तिपाई लागते. ६३ मिलिमीटरचा यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकचा) पाइप आणि त्याखाली ५० चा सिलिंडर असेल तर रॉड ओढला की दट्ट्या पाइपातूनच वर येतो. फूट व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारी तळाची झडप) वर उचलता येणारा घ्या, तोही रॉडच्या टोकाने पकडून काढता येतो. पूर्व आफ्रिकेत वापरात आलेला अफ्रिडेव्ह पंप याच तत्त्वावर आहे. मग वॉशर बदलणे घरच्या दोन माणसांचे तासाभराचे काम राहते. दुरुस्ती सोपी असली तरच ती वेळेवर होते.

झडपांची मापे : फूट व्हॉल्व्हचे भोक २५ मिलिमीटर, म्हणजे सिलिंडरच्या क्षेत्रफळाचा चौथा हिस्सा. याहून लहान केले तर भर वेगात सिलिंडर पुरता भरत नाही. झडप वर उचलली जाण्याची मोकळीक भोकाच्या व्यासाच्या एक चतुर्थांश, सव्वासहा मिलिमीटर. कडेच्या फटीचे क्षेत्रफळ तेवढ्याने भोकाइतके होते, त्याहून जास्त उचलीचा उपयोग नाही. उलट जास्त उचलणारी झडप उशिरा बसते, आपटते आणि तिची बैठक झिजते. जाळीला भोकाच्या चौपट मोकळी जागा द्या : ४ मिलिमीटरची १५० ते १६० छिद्रे.

फूट व्हॉल्व्ह जमिनीपासून साडेबारा मीटरवर ठेवा. म्हणजे पाण्याच्या पातळीखाली दीड मीटर आणि तळापासून एक मीटर वर. तळाजवळ नेला तर गाळ आणि बारीक वाळू ओढली जाते, आणि वॉशरचा जीव वाळूच घेते.

दांड्याला ३२ मिलिमीटरचा मध्यम जाडीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप वापरा. त्याचे वजन मीटरला तीन किलोच्या आसपास असते. ते अर्ध्या मीटरच्या अंतरावर धरले की पलीकडच्या रॉडच्या वजनाला जवळजवळ बरोबर तोलते. त्यामुळे हाताला फक्त पाण्याचे आणि घर्षणाचे वजन लागते. मोठ्या पंपासारखा भरीव चौकोनी गज लावला तर इतक्या उथळ विहिरीत दांडा आपोआप खाली पडतो आणि दर वेळी तो उचलावा लागतो.

दांड्याचे टोक कमानीत फिरते, रॉड मात्र सरळ राहायला हवा. २५ सेंमीच्या भुजेवर २०० मिलिमीटर स्ट्रोक घेतला की टोक आडवे २१ मिलिमीटर सरकते. म्हणून पाइपाचा मध्य या सरकण्याच्या मधोमध येईल असा धरा, म्हणजे दोन्हीकडे साडेदहा-साडेदहा. दांडा आणि रॉड यांच्यामध्ये दोन खिळींचा ३० सेंटिमीटरचा दुवा ठेवा. हा दुवा नसेल तर रॉड वरच्या टोकाला दर हापशाला वाकतो आणि सहा महिन्यांत आट्याशी तुटतो. रॉडला दर तीन मीटरवर प्लास्टिकची मार्गदर्शक चकती बसवा, पाणी जाण्यासाठी कडेने खाचा असलेली.

खुंटीला २० मिलिमीटरचा आस आणि दोन ६२०४ नंबरचे बंद बेअरिंग. बेअरिंग परवडत नसेल तर तेलात उकळलेल्या बाभळीच्या लाकडाचे बुश चालते, वर्षाला एक बदलायचे. दांड्याच्या दोन्ही मर्यादांना जुन्या टायरचे तुकडे ठोका, नाहीतर दट्ट्या खाली फूट व्हॉल्व्हवर आपटतो.

उघड्या विहिरीत पाइप हेलकावतो. दर तीन मीटरवर भिंतीतून अँगल काढून कडे बसवा, पण पाइप कड्यात आवळू नका, वरखाली सरकू द्या. यूपीव्हीसी उन्हाने वाढतो. वरच्या पाच मीटरवर दुपारचे ऊन पडत असेल तर सकाळ-दुपारमध्ये आठ-नऊ मिलिमीटरचा फरक पडतो. आवळलेला पाइप तेवढ्यासाठी कमानीसारखा वाकतो आणि सांध्याशी चिरतो. संपूर्ण वजन पाइपाच्या वरच्या टोकाच्या फ्लॅंजवर (रुंद कडेवर) घ्या. पंपाचे पाय विहिरीवर आडव्या टाकलेल्या दोन १०० मिलिमीटरच्या लोखंडी चॅनेलवर ठेवा, दोन्ही टोके कठड्याच्या पलीकडे निदान ३० सेंमी टेकलेली. हापसणाऱ्याचे पाय मात्र जमिनीवर, ओट्यावर असावेत. त्यासाठी पंप मध्यभागी न घेता कठड्यापासून हातभर आत घ्या.

प्रश्न : हापशाला रोज सकाळी पंचवीस-तीस हापसे मारल्याशिवाय पाणी येत नाही. एकदा आले की दिवसभर लगेच येते. मिस्त्री म्हणतो फूट व्हॉल्व्ह बदला, शेजारी म्हणतात पाइप गळतो. पाइप ३२ मिलिमीटरचा आहे. काढल्याशिवाय कळेल का?
— एक वाचक, ता. माढा

उत्तर : कळेल, आणि हापसे मोजूनच कळेल.

३२ मिलिमीटरच्या जीआय पाइपात, मधला रॉड वजा जाता, मीटरला साधारण ९०० घन सेंमी पाणी मावते. तुमचा सिलिंडर ६३.५ चा आणि स्ट्रोक १२५ मिलिमीटरचा असणार, म्हणजे एका हापशाला ३९५ घन सेंमीच्या आसपास. म्हणजे रिकामा एक मीटर भरायला सव्वादोन ते अडीच हापसे. पंचवीस हापसे म्हणजे दहा-अकरा मीटर पाइप रिकामा झाला.

आता तीन वेळा मोजा : हापसणे थांबवल्यावर अर्ध्या तासाने, दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. आकडा वाढत वाढत जाऊन पातळी विहिरीच्या पाण्याशी येऊन थांबत असेल तर फूट व्हॉल्व्ह दोषी असण्याची शक्यता जास्त. आकडा एका ठिकाणी अडत असेल, म्हणजे दोन तासांनीही नऊ आणि सकाळीही नऊच हापसे लागत असतील, तर गळती चार मीटर खालच्या सांध्यात आहे. पाणी त्या सांध्यापर्यंत उतरते आणि तिथेच थांबते.

उघडी विहीर असेल तर आणखी एक खात्री. सकाळी अकरा-बाराच्या उन्हात कठड्याशी आरसा धरा आणि उन्हाचा कवडसा पाइपावरून हळूहळू खाली न्या. दुसऱ्याने हापसत राहावे. गळणाऱ्या सांध्याखाली पाइप ओला, चकाकता दिसतो, वरचा कोरडा आणि मातकट. हे विजेरीपेक्षा चांगले दिसते.

सांधा गळत असेल तर नुसता आवळून भागत नाही. आटे गंजून पातळ झालेले असतात. तो तुकडा कापून नवे आटे पाडा, जुना सॉकेट फेकून द्या. फूट व्हॉल्व्ह असेल तर बदलण्याआधी धुऊन पाहा : निम्म्या वेळा बैठकीत खडा किंवा गंजाचा पापुद्रा अडकलेला असतो.

प्रश्न : सरकारी हापशाला साखळी असते तशी माझ्या बारा मीटरच्या पंपाला लावली. दांडा वर नेला की साखळी ढिली पडते, मग खाली नेताना हिसका बसतो. साखळी चुकीची आहे का?
— एक वाचक, ता. तुळजापूर

उत्तर : साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. दट्ट्या खाली जातो तो फक्त रॉडच्या वजनाने. चाळीस मीटरला १२ मिलिमीटरचा रॉड असला की पस्तीस किलोचे वजन असते आणि ते वॉशरच्या घर्षणाला सहज हरवते. बारा मीटरला १० मिलिमीटरच्या रॉडचे सहा-सात किलोच उरतात. वॉशर नवा, घट्ट असेल तर दट्ट्या रेंगाळतो, साखळी दुमडते आणि पुढच्या ओढीला हिसका बसतो. हा हिसका आधी साखळीची खीळ तोडतो आणि मग रॉडचे आटे.

ही रचना खोल बोअरसाठीच झाली. १९६०च्या दशकात ओतीव लोखंडाचे घरगुती पंप खोल बोअरवर लावले जात आणि गावकीच्या वापरात ते टिकत नसत. त्यावर तोडगा म्हणून आपल्याच मुलखात पोलादी जालना पंप आणि पुढे सोलापूर पंप तयार झाले. एका खुंटीवरचा दांडा, त्याच्या टोकाला कमानी आणि साखळी, त्यामुळे रॉड सरळ रेषेत चालतो. १९७०च्या दशकात युनिसेफच्या सहभागाने झालेला इंडिया मार्क दोन सोलापूर पंपावरूनच आला. त्याची मापे सुरुवातीला भारतीय मानक ९३०१ मध्ये ठरवली गेली. रचना उत्तम आहे, पण ती वीस मीटरच्या पुढे शोभते. तुम्ही साखळी काढून वरच्या उत्तरातला दोन खिळींचा दुवा लावा. तात्पुरता उपाय हवा असेल तर रॉडच्या वरच्या टोकाला, पाइपाबाहेर, पाच-सहा किलोचे लोखंडी कडे घट्ट बसवा.

प्रश्न : विहीर खोल आहे, पाण्यापासून तोटीपर्यंत १८ मीटर. दोरी आणि सायकलच्या चाकाचा पंप करता येतो असे ऐकले. टिकतो का?
— एक वाचक, ता. कळंब, जि. यवतमाळ

उत्तर : टिकतो, दोरी आणि वॉशर यांत काटकसर केली नाही तर. निकाराग्वात १९८०च्या दशकापासून हा पंप हजारो घरांत चालतो. आपल्या रहाटगाडग्याचाच हा भाऊबंद : माळेला गाडग्यांऐवजी वॉशर, आणि माळ पाइपातून वर येते. झडप एकही नाही, म्हणून गावात दुरुस्त होतो.

पाइपाचे माप खोलीवर ठरते. १८ मीटरला पाऊण इंची, आतून २० मिलिमीटरचा. त्यात पाण्याचे वजन ५.६५ किलो होते. एक इंची घेतला तर साडेनऊ किलो, तो फिरवताना मोठा माणूसही दहा मिनिटांत दमतो. दोरी पॉलिप्रॉपिलीनची, ५ मिलिमीटर. नायलॉन घेऊ नका, ओले झाले की ताणते आणि चाकावरून घसरते. लांबी चाळीस मीटरच्या आसपास लागेल, दर मीटरला एक वॉशर, प्रत्येकाच्या वर आणि खाली गाठ.

वॉशर जुन्या टायरच्या बाजूच्या पातळ रबराचे कापा. व्यास पाइपाच्या आतल्या मापापेक्षा पाऊण मिलिमीटरने कमी. तंतोतंत कापला तर घर्षणाने चाक फिरत नाही, दोन मिलिमीटर ढिला ठेवला तर पाणी बाजूने निसटते आणि हळू फिरवल्यावर वर येतच नाही. पहिले चार वॉशर पाइपाच्या तुकड्यातून पाणी भरून ओढून पाहा, मग बाकीचे कापा.

चाक सायकलचे चालते, पण धावेत दोरी घसरते. टायरच्या दोन कापलेल्या कडा तोंडाशी तोंड लावून खाच केली की पकड चांगली येते. चाकाची त्रिज्या २५ सेंमी, हँडलचीही तेवढीच. मिनिटाला ३० फेरे म्हणजे दोरीचा वेग सेकंदाला ८० सेंमी आणि पाणी मिनिटाला साधारण १२ लिटर, गळती धरून.

दोन जागा लोक चुकतात. पहिली खाली : दोरी पाइपात शिरते तिथे पाइपाचे तोंड तापवून घंटेसारखे फुगवा आणि त्याखाली गुळगुळीत वळण द्या. काचेची किंवा चिनी मातीची बरणी सिमेंटच्या ठोकळ्यात बसवली की दोरी कापली जात नाही. दुसरी वर : पाइप तोटीच्या खाली अर्धा मीटर असताना एक माप मोठा करा आणि तोटी त्याहून मोठी, ४० मिलिमीटरची. नाहीतर पाणी तोटीऐवजी दोरीबरोबर चाकावर चढते आणि फिरवणाऱ्याच्या अंगावर येते.

चाकाला उलट फिरू न देणारी खिट्टी लावल्याशिवाय हा पंप मुलांच्या हाती देऊ नका. हँडल सुटले की पाइपातले पाणी चाक उलटे फिरवते आणि हँडल थेट तोंडावर बसते.

प्रश्न : चामड्याचा वॉशर चांगला की रबराचा?
— दोन वाचक, ता. बार्शी आणि ता. देवगड

उत्तर : रोज चालणाऱ्या पंपाला नायट्राइल रबर. जास्त टिकतो. पंप महिनोन्‌महिने कोरडा राहत असेल तर तो आखडलेला चामड्याचा वॉशर पुन्हा भिजवून फुलवावा लागतो, रबराला ते नको. चामड्याचाच लावायचा असेल तर रात्रभर शेंगदाण्याच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात बुडवून ठेवा. गाडीचे ग्रीस लावू नका, तेच पाणी प्यायचे आहे.

देवगडच्या वाचकांना आणखी एक. जांभ्यातले पाणी बहुधा आम्लधर्मी असते. जीआय पाइप आणि साधा रॉड त्यात गंजतो, सकाळचे पहिले पाणी तांबडे येते आणि गंजाचे पापुद्रे वॉशर कापतात. यूपीव्हीसी पाइप आणि स्टेनलेस रॉड घ्या. महाग पडतो, पण गंजलेला रॉड तुटून विहिरीत पडला की दट्ट्याही जातो.

प्रश्न : पंप बसवायला विहिरीत उतरावे लागते. त्यानंतर पाणी शुद्ध कसे करायचे?
— एक वाचक, ता. पुरंदर

उत्तर : आधी उतरण्याचे. झाकलेल्या किंवा बरेच दिवस न वापरलेल्या विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो. पेटता कंदील दोरीने पाण्यापर्यंत सोडा. विझला तर उतरायचेच नाही. विझला नाही तरी कमरेला दोर बांधून, वर दोन धडधाकट माणसे ठेवूनच उतरायचे, कारण सगळे विषारी वायू कंदिलाला कळत नाहीत. विहिरीत डिझेल इंजिन चालवून पाणी उपसले असेल तर त्या दिवशी उतरू नका. खालचा माणूस बोलेनासा झाला तर त्याच्यामागे दुसऱ्याने उडी घ्यायची नाही, दोराने वर ओढायचे.

काम झाल्यावर ब्लीचिंग पावडर. पाण्याचे माप काढा : व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, येतात घनमीटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी म्हणजे २८ घनमीटर, २८ हजार लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, म्हणजे १४० ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचे पाणी दुसऱ्या बादलीत ओता आणि ती बादली विहिरीत बुडवून वरखाली करा. मग तोटीच्या पाण्याला पावडरीचा वास येईपर्यंत हापसा चालवा, म्हणजे पाइप आणि सिलिंडरही धुतले जातात. तासभर थांबून, तोटीतून येणारे पहिले चार-पाच हंडे झाडांना घालून, पुढचे पाणी भरा.